दहाव्या नावापर्यंत

सुज्ञ वाचकहो, तापीबाई नामक एका साठीच्या स्त्रीने आपल्या देहाचा सुटलेला ताबा कोणत्या मार्गाने परत मिळविला, ते पुढील मजकुरात यथाशक्ती निवेदन केले जाईल. विषय लाजेचा मानला जातो. मला तो आश्चर्याचा वाटतो.

नंदुरबारच्या मिरची वाळविण्याच्या पथारीवर तापीबाईला शिंक आली. सन १९६१ चा पौष महिना. भोवती पंधरा-वीस बायका वाळत्या मिरचीचे देठ खुडीत होत्या आणि सर्वच शिंकत होत्या. परंतु तापीबाई उठली, तेव्हा तिच्या खालचे गोणपाट ओले होते. कोणी पाहण्यापूर्वी तिने ते गुंडाळले. घरी गुडघ्यांचे निमित्त सांगून तिने पथारी सोडली. त्या बायकांच्या हसण्याबोलण्यावाचून तिला अन्न गोड लागेना. शेजारची छबूबाई जाता-येता टोचू लागली, "पाटलीण व्हई गई का वं, तापीबाई?"

शेवटी दवाखान्यातील नर्स निर्मलाबाई यांस तिने खरे सांगितले. शेवटच्या बाळंतपणात ती तीन दिवस अडली होती. तेव्हापासून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले होते. निर्मलाबाईंनी उपाय समजाविला. लघवी मध्येच आवरावी तसे ते स्नायू आत ओढून धरावे, दहा मोजावे, मग सोडावे. श्वास कोंडू नये म्हणून मोठ्याने मोजावे. दिवसातून तीन वेळा, तीन महिने.

तापीबाई ओट्यावर बसून मोजू लागली. घरच्यांना मात्र निराळेच ऐकू आले. "रूपचंद, रतिलाल, मंगला," एवढे म्हणून ती थांबे व मोठा श्वास सोडी. आठवड्याने चौथे नाव आले, छगन. छगन पाळण्यातच वारला होता. पुढे पाचवे आले, सहावे आले. तीही लेकरे गेलेलीच. म्हातारी मेलेल्यांना हाका मारते, असे सुनेने ठरविले. भगताला निरोप गेला. तो येण्यापूर्वी थोरल्या रूपचंदाने धीर करून विचारले, "माय, मरेलसना नाव का लेस तू?"

तापीबाई म्हणाली, "माले दहा मोजता येत नही, भाऊ. पन दहा लेकरं मन्हाच पोटना शेतस. आते दहावापावत जानं शे माले."

मग तिने सर्व सांगितले. भगताला रूपचंदाने वेशीवरूनच परत पाठविले.

चैत्र सरताना तापीबाई पथारीवर गेली. मिरचीचा ढीग उलथला, खकाणा उडाला. तिला शिंका आल्या, एकामागून एक पाच. प्रत्येक शिंकेआधी तिने शेवटचे नाव मनात घट्ट धरले. मग उठून गोणपाट उचलून पाहिले. त्यावर मिरचीच्या चार बियांखेरीज काही नव्हते. ते पुन्हा अंथरून, छबूबाईला सरकावयास सांगून ती मेळ्याच्या मधोमध बसली.

ज्या दहाव्या बाळंतपणात तिचा ताबा गेला, त्याच दहाव्या नावापर्यंत पोहोचून तिने तो परत आणला. आपण येथवर वाचले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. दहावे नाव खाली लिहिले आहे.

पितांबर