नऊ किलोंची फेरी

"कॅमेरा डोळ्यांना विचारून घेऊ नका, सर. खांद्याला विचारून घ्या," कारागीर म्हणाला आणि त्याने टेबलाखालून कॅनव्हासच्या दोन पिशव्या ओढून काढल्या.

टेबलावर दोन कॅमेरे होते. दोन्ही लाकडी, भात्याचे, मागे दुधी काच असलेले. धाकट्याची फिल्म पोस्टकार्डाएवढी, थोरल्याची वहीच्या पानाएवढी. पिशव्यांत नुसती वाळू होती, एकीत तीन किलो आणि दुसरीत नऊ, म्हणजे ज्या त्या कॅमेऱ्याच्या वजनाची. जुने कॅमेरे दुरुस्त करता करता या माणसाचे केस पिकले होते आणि त्याचा एक नियम होता. पिशवी खांद्याला लावून समोरचा चढ चढून यायचं, मगच पुढचं बोलायचं. हौसेने नेलेले थोरले कॅमेरे महिन्याभरात परत आलेले पाहून तो शहाणा झाला होता.

भूगोलाचे सर थोरल्याकडे बघत होते. धाकट्याकडे त्यांनी अजून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं नकाशावर छडी ठेवून डोंगर शिकवले. आता निवृत्त झाल्यावर त्या डोंगरांसमोर जाऊन उभं राहायचं आणि थोरल्यानेच त्यांचे फोटो काढायचे, हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. फक्त चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि चार किलोंच्या वर काही उचलायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली होती.

"मोठी पिशवी इकडे द्या," सरांची बायको म्हणाली. "उचलणार मी आहे. हे नुसते फोटो काढणार."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. दोन पोरं दोन काखांत घेऊन चार चार जिने चढलेय मी. तेव्हा कुठे होतात? वर्गात, डोंगर शिकवत!"

सर काही बोलायच्या आत पिशवी खांद्यावर टाकून ती जिना उतरून गेलीसुद्धा.

कारागिराने थोरला खिडकीपाशी स्टँडवर चढवला, लेन्स उघडली आणि सरांच्या डोक्यावरून काळं कापड टाकलं.

आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि काच हळूहळू उजळत गेली. खिडकीबाहेरचं सगळं जग उलटं होऊन तिच्यावर उतरलं होतं. आभाळ खाली, रस्ता वर. ढग तळाशी साचले होते, पाय बुडवून बसावं इतके जवळ. झाडं टेकडीवरून खाली लोंबत होती, पानं हलत होती, पण आवाज कसलाच नव्हता. सर त्यात विरघळून गेले. आपली साठी उलटली आहे, छातीवर टाक्यांची रेघ आहे, आज मंगळवार आहे, यातलं काही त्यांच्या ध्यानात उरलं नाही. हाच, त्यांच्या मनाने घेतलं. घ्यायचा तर हाच.

"काचेवर भिंग ठेवून बघा," कारागिराचा आवाज आला, फार लांबून आल्यासारखा.

सरांनी भिंग ठेवलं आणि टेकडीवरचं एकेक झुडूप मोजून घ्यावं असं दिसायला लागलं.

तेवढ्यात रस्त्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हललं. डोकं खाली, पाय वर. ते चढ चढत होतं, म्हणजे काचेवर हळूहळू आभाळाकडे उतरत होतं. सरांना गंमत वाटली. त्यांनी भिंग तिकडे सरकवलं.

ती बायको होती. अर्ध्या चढावर ती थांबली आणि मागे वळून तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत तिला माणूस कोणी दिसला नसावा, नुसतं काळं कापड दिसलं असेल. मग तिने पिशवी कठड्यावर टेकवली, दोन्ही हात कमरेवर दाबले आणि वाकून उभी राहिली. बराच वेळ तशीच होती. सरांनी भिंग तिच्यावरून हलवलं नाही. शेवटी तिने तोंड पुसलं, केस सारखे केले, खांदा बदलला आणि पुन्हा चढायला लागली.

बत्तीस वर्षांच्या संसारात तिला अशी थांबलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ती चढ उतरून खाली येईपर्यंत ते कापडाखालून बाहेर आलेच नाहीत. डोळे पुसायला तिथे बरं होतं.

जिन्यावर पावलं वाजली आणि ती हसत हसत आत आली. "कापसाची आहे हो पिशवी! उगाच घाबरवतात. घ्या तुमचा थोरला."

सरांनी तीन किलोंची पिशवी उचलून खांद्याला लावली. "धाकटा घेऊ या. हा माझा मला नेता येईल."

"आता ऐन वेळी? तीस वर्षं थोरला थोरला करून माझं डोकं खाल्लंत!"

"खाल्लं ना? मग पोट भरलं आता."

ते फेरी मारायला निघाले. कारागिराने त्यांना दाराशी गाठलं. थोरल्याचा एकेक स्क्रू त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता, त्यामुळे त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, खरं सांगा. काही खोट दिसली का त्यात?"

सरांनी मागे वळून पाहिलं. बायको त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीत टेकली होती आणि हळूच खांदा चोळत होती.

"छे हो," ते म्हणाले. "फार स्वच्छ दिसतं त्यातून."