टोपलीच्या उंचीवरून

“तो स्टिकर काढ,” तोकुमारू साहेब म्हणाले.

मिझुए हातानाकाने हातातल्या डमीकडे पाहिलं. कोपऱ्यावर पिवळा कागदी स्टिकर होता. “साहेब, ही डमी आहे हे ओळखायला हवं म्हणून लावलाय.”

“नेमका कोपऱ्यावर. म्हणजे मार खाणार कागद आणि शाबासकी घेणार तू. पोरं काय स्टिकर लावून यंत्र पाडतात?”

मिझुएने स्टिकर सोलला. खाली चिकट डाग राहिला. टेबलावरच्या उशीवर खरं यंत्र ठेवलं होतं. त्याच्याशेजारी डमी ठेवून तिने डाग पुसला आणि फडकं हातात होतंच, तर खऱ्यावरचे बोटांचे ठसेही पुसले. दोन्ही काळी कुळकुळीत, दोन्हींचे पडदे विझलेले. डमीच्या पोटात सर्किटऐवजी शिशाच्या पट्ट्या होत्या. वजन खऱ्याइतकंच यावं म्हणून त्या तिने स्वतः घासून बसवल्या होत्या, आणि त्याचा तिला अभिमान होता.

साहेबांनी हात पुढे केला. तिने यंत्र त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या वसंतात हा गेमिंग कन्सोल दुकानांत येणार होता. त्यातली एक गोष्ट मिझुएची होती. यंत्र मधोमध सुटायचं. दोन अर्ध्या भागांना धरून ठेवायला फक्त लोहचुंबक. स्क्रू नाही, कडी नाही. ओढलं की दोन पडदे, दोघांच्या हातांत एकेक. मिझुएचं बालपण मोठ्या भावाच्या खांद्यावरून पडदा बघण्यात गेलं होतं. कल्पना मांडताना ती एवढंच म्हणाली होती, “यात कुणाला नंबर लावावा लागणार नाही.”

तोकुमारू साहेबांना ते पटलं नव्हतं. “जे जोडलेलं असतं ते सुटतं,” ते म्हणायचे. त्यांना भोवती पोलादी पट्टी हवी होती. पट्टी आली की यंत्र एकसंध होणार, आणि मिझुएची कल्पना संपणार. साचे दुसऱ्या दिवशी कापायला जायचे होते.

चाचणीच्या खोलीत वस्तू मोजूनमापून पाडणारी महागडी यंत्रं होती. पण शेवटचा शब्द भिंतीशी उभ्या असलेल्या लहान मुलांच्या एका जुन्या सायकलीचा. कन्सोल टोपलीत टाकून कामो नदीच्या काठाने मित्राकडे निघालेलं पोर कधी ना कधी धडपडणारच, हा साहेबांचा हिशेब. म्हणून कारखान्यात जाण्याआधी प्रत्येक यंत्राची डमी ते स्वतः टोपलीच्या काठाइतक्या उंचीवरून खालच्या डांबराच्या तुकड्यावर सोडायचे. एकदा पालथी, एकदा उताणी, एकदा कोपऱ्यावर. काहीही सुटून पडलं की नापास.

“समुद्रावर कलिंगड फोडायच्या खेळात डोळे बांधतात,” यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणारा यागी तिच्या कानाशी पुटपुटला. “तूही बांधून घे.”

“तू गप रे.”

पालथं पडलं. पडद्याभोवतीच्या उंच कडेने मार झेलला. साहेबांनी उचलून अंगठा फिरवला. “हं.”

उताणं पडलं. “हं.”

मग त्यांनी ते तिरकं धरलं आणि सोडलं.

कोपरा डांबरावर आपटला आणि यंत्राचे दोन तुकडे झाले. एक घरंगळत सायकलीखाली गेला, दुसरा यागीच्या बुटाशी येऊन थांबला.

“सुटलं,” साहेब म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. “पट्टी बसव, हातानाका. कल्पना चांगली होती.”

‘होती’ हा शब्द तिला लागला. तिने वाकून मान तुकवली आणि ती वर न करताच सायकलीखालचा तुकडा उचलायला निघाली.

तेवढ्यात खोलीत एक छोटीशी धून वाजली.

यागी दचकला. “ही माझी धून आहे.”

“मग बंद कर,” साहेब म्हणाले.

“मी काही केलंच नाही, साहेब!”

शिशाच्या पट्ट्या गात नाहीत. मिझुएने वळून उशीवरच्या यंत्राचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडदा विझलेलाच.

“साहेब,” ती म्हणाली. “मी तुमच्या हातात खरं दिलं.”

“खरं एकच आहे ना आपल्याकडे?”

“एकच.”

“आणि ते मी तीनदा पाडलं?”

सायकलीखाली एक पडदा उजळला होता, यागीच्या बुटाशी दुसरा. ना तडा, ना चरा. कुण्या पोराने आपल्याला ओढून भावंडाला अर्धा वाटा दिला, असं यंत्राला वाटलं होतं. दोन्ही पडद्यांवर एकच ओळ लुकलुकत होती: ‘दुसरा खेळाडू आला! सुरू करायचं?’

तोकुमारू साहेबांनी ती ओळ वाचली. मग गुडघ्यावर हात टेकवत, कोट-टायसकट, त्या डांबराच्या तुकड्यावर बसले. यागीच्या बुटाजवळचा तुकडा त्यांनी उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि सायकलीखालचा दुसरा मिझुएकडे सरकवला.

“बस. जपून खेळ, मी कुणाला सोडत नाही. यागी, साचेवाल्यांना फोन लाव. पट्टी नको म्हणावं.”

यागी फोन कानाला लावून दोघांच्या डोक्यांवरून पडद्यात डोकावू लागला. मिझुएने साहेबांचा पहिला गडी पाडला आणि तोंडावर हात दाबून हसली.

“साहेब,” यागी अखेर म्हणाला, “पुढचा डाव मी?”

साहेबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“तू नंबर लाव.”