कोरी बाजू

घडीच्या खुर्चीवर आई नव्हती. कॉरिन गाडीत राहिलेली फुलं आणायला गेली होती, तेवढ्यात. खुर्चीवर फक्त आईची टोपी होती.

"आई!"

सैनिकांच्या दफनभूमीत चहूकडे तेच पांढरे थडग्यांचे दगड. एकाच उंचीचे, प्रत्येकापुढे एक छोटा झेंडा. मेमोरियल डेची, शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाची, गर्दी. आईला, व्हर्नाला, आता स्वतःचं घरही ओळखू येत नव्हतं. गेल्या महिन्यात ती अनवाणी हमरस्त्यावर सापडली होती. पलंगाची मात्र एकच बाजू ती वापरायची. दुसरीवर कॉरिन टेकली तरी ओरडायची. इथल्या कुंपणापलीकडेही हमरस्ता होता. ट्रकचे आवाज येत होते.

कॉरिनने वाटेवरूनच बाबांच्या रांगेकडे पाहिलं. दगडापुढे कुणी नव्हतं. मागे जायचं तिच्या मनातही आलं नाही. इथे नवरा-बायको एकाच थडग्यात असतात. त्याचं नाव पुढे, तिचं मागे. बाबांच्या दगडावर पुढे 'डेल' कोरलेलं होतं, मागची बाजू अजून कोरी होती. गेल्या अकरा वर्षांत कॉरिन एकदाही तिकडे गेली नव्हती.

"कुणाला शोधतेस पोरी?" काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने विचारलं.

"आईला. निळा स्वेटर. तिला काही आठवत नाही हो."

"घाबरू नकोस. इथून आजवर कुणी पळून गेलेलं नाही." तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "मी फाटकाकडे बघतो. तू टेकाडावर जा, वरून दिसेल."

ती टेकाडावर पोचली आणि सलामीच्या बंदुका कडाडल्या. मग बिगुल. खाली सगळे छातीवर हात ठेवून थिजले. निळं काहीच हललं नाही. कॉरिन बाबांच्या रांगेमागच्या उतारावरून पळत सुटली.

"थांबा ना, बाई! काही रीत आहे की नाही?" कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

ती थांबली नाही. या बाजूने सगळे दगड पाठमोरे होते. नावांखाली कोरलेलं: त्याची पत्नी, त्याची पत्नी, त्याची पत्नी. मग एक कोरा दगड. त्याच्या पायथ्याशी, गवतात, कापडी बूट.

आई कुशीवर पडली होती. गालाखाली हात, तोंड दगडाकडे. हलत नव्हती.

"आई!" कॉरिन गुडघ्यांवर कोसळली.

व्हर्नाने डोळे उघडले. तिने मुलीला ओळखलं नाही.

"हळू बोला, बाई," ती कुजबुजली. "डेलचा आत्ताच कुठे डोळा लागलाय."

"ऊठ, आई. इथे नाही झोपायचं."

व्हर्ना दगडाला आणखी चिकटली.

"का नाही? ही माझी बाजू आहे."