ढेमश्याचा घास

या मंडळी, अंमळ जवळ सरका, राजुऱ्याच्या गुणाबाईची गोष्ट सांगतो. त्यांची लेक नीलिमा नोकरीसाठी जर्मनीला गेली, सोबत कुत्रा ढेमश्यालाही घेऊन गेली. घरी त्याला गुणाबाईच जेवू घालत. तिकडे मात्र तो दोन दिवस भरल्या ताटलीपुढे नुसता बसून राहिला. घाबरून नीलिमानं आईला फोन लावला.

“ताटली ठेवताना विठ्ठल विठ्ठल म्हटलं का?”

“मी काऊन म्हणू?”

“ते ऐकल्याबिगर तो खात नाई, बाई.”

नीलिमा लाजत पुटपुटली. ढेमश्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली.

“आई, त्याले कवापासून ही सवय?”

“तुह्यं जायाचं ठरलं तवापासून लावली. माह्यं तर तू कधी ऐकलं नाई, त्याचं तरी ऐकशीन.”

तर मंडळी, पहिला घास उचलताना आमच्या गुणाबाईची आठवण असू द्या.