हरवलेला प्लस

"मॅडम, सकाळपासून छापलेल्या बाराही लेबलांवर निगेटिव्हच कसं?" रक्तपेढीतून भोईटेकाकांचा फोन होता. मृण्मयीने चहाचा कप होता तिथेच ठेवला.

सॉफ्टवेअर तिचंच होतं, कालच बसवलेलं. तिने कोड उघडला. रक्तगट ती वेब-पत्त्यातून लेबल छापणाऱ्या पानाकडे पाठवत होती. एन्कोड न करता, म्हणजे खास चिन्हांना संकेतात न बदलता, जसाच्या तसा. पत्त्यातलं प्लसचं चिन्ह सर्व्हर मोकळी जागा समजतो, हे ती पार विसरली होती. आणि प्लस दिसला नाही की निगेटिव्ह छापायचं, हेही तिनेच लिहिलं होतं.

"काका, लेबलं चुकलीत! एकही पिशवी बाहेर देऊ नका."

"एक गेली की. बी निगेटिव्ह. वॉर्डातल्या बाळंतिणीसाठी. तास झाला."

मृण्मयीला कालचं आठवलं. पिशवी देण्याआधी हाताने पुन्हा गट तपासायची काकांची जुनी पद्धत होती. काल सगळ्यांसमोर तिनेच हसत सांगितलं होतं, आता हा खटाटोप बंद करा, कॉम्प्युटर चुकत नाही. काकांनी निमूट मान डोलावली होती.

तिने विचारलं, "काका, ते हाताने तपासणं... खरंच बंद केलंत का हो?"

"केलं होतं की, तुम्ही जिना उतरेपर्यंत," काका म्हणाले. "गेलेली पिशवी निगेटिव्हच आहे. बाकीच्या अकरा लेबलांशी जुळेनात, म्हणून तर फोन केला."