मेणातली ऑर्तेन्सिया

"नाक चुकलंय," सुपाचा वाडगा टेबलावर ठेवत बाई म्हणाली.

जेर्व्हे मोर्लोने पेटीच्या भोकाला लावलेला डोळा हलवला नाही. आत वीतभर उंचीच्या मेणाच्या बाहुल्या उभ्या होत्या. बाजूच्या फटीतून उजेड सोडायचा, सावली कुठे पडते ते पाहायचे आणि मगच कुंचल्याला हात लावायचा, ही त्याची रीत होती.

"नाक कपाळाएवढंच लांब आहे. प्राचीन पुतळ्यांचं माप आहे हे, बाई."

"असेल. ऑर्तेन्सियाचं बसकं."

म्हाताऱ्याने शिवी हासडली. आयुष्य रोममध्ये गेले, तरी शिव्या तो फ्रेंचमध्येच देई.

एका माणसाचा चेहरा हा अपघात असतो, चित्रकाराने सौंदर्याचा नियम रंगवावा, असे त्याचे मत होते. त्या मतापायी त्याने देवता रंगवल्या, राण्या रंगवल्या. बायकोने, ऑर्तेन्सियाने, एकदा स्वतःचे चित्र मागितले, तेव्हा तो हसला होता. आता ती तिवोलीला भावाकडे गेली आहे, असे तो सर्वांना सांगे. ती परतण्याआधी तिचे चित्र पुरे व्हायला हवे होते, आणि तिचा चेहराच त्याला आठवत नव्हता. डोळे मिटले की नुसते संगमरवरी पुतळे दिसत.

"रागावून गेलीय का हो ती?"

बाईने पाव मोडून सुपात टाकला. "नाही. रस्ते खराब आहेत."

"जो तो हेच सांगतो."

"आधी जेवा. तुमची ही मेणाची मंडळी बरी, ना भूक, ना कटकट."

त्याने बाहुलीचे नाक आखूड केले. "आणखी?"

"डावी भुवई जरा वर. थट्टा करत असल्यासारखी."

त्याने अंगठ्याने मेण दाबले, फट उघडली आणि भोकातून पाहिले.

"हीच," तो म्हणाला. "हीच माझी ऑर्तेन्सिया. आवडेल तिला?"

"आवडेल."

"मग बाजूला व्हा, बाई. उजेड अडवताय."

ती बाजूला झाली. तो जेवेपर्यंत थांबली, रिकामा वाडगा उचलला आणि जिना उतरून अंगणात आली. विहिरीपाशी शेजारची प्रुदेन्झिया कपडे पिळत होती. तिने हात थांबवले आणि आवाज खाली आणून विचारले,

"ऑर्तेन्सिया, आज तरी ओळखलं का गं तुला नवऱ्यानं?"