पिना मारलेला धडा

“त्या धड्याला पिना मारा,” मुख्याध्यापक म्हणाले. “एका आईचा फोन होता. एड्सबद्दल शिकवलंत तर शाळेला कुलूप ठोकीन म्हणाली. काय तो आवाज! अजून कान वाजतायत.”

“सर, वर्गात ती मुलगी एकटी बसते,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “वडील त्या आजारानं गेले म्हणून तिच्या बाकावर कुणी बसत नाही. शनिवारी आई तिचं शाळेतून नाव काढणार आहे.”

“आजवर तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडत आलोच ना?”

“आणि घरी कुणीही वाचला नाही.”

“मग बिघडलं कुठं? मारा पिना.”

पालथ्या घड्यावर पाणी! बाई स्टेपलर घेऊन वर्गात गेल्या.

प्रत्येकाच्या पुस्तकात त्यांनी स्वतः पिना मारल्या. “ही पानं जो उघडेल त्याची गाठ माझ्याशी आहे,” असा दमही भरला. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं पुस्तक पुढं केलं तेव्हा मात्र हात थांबला. एवढ्याशा पोरीला वाळीत टाकणाऱ्यांचा बाईंना भयंकर संताप आला. तरी पिन मारलीच.

मधल्या सुट्टीत निम्म्या पिना निघाल्या. दुसऱ्या दिवशी एकही उरली नव्हती. अभ्यासाच्या नावानं बोंब असलेली पोरंसुद्धा डोकी एकत्र करून वाचत होती.

“शेजारी बसून होत नाही, हात धरून होत नाही, एका डब्यात खाऊन होत नाही,” मॉनिटर मुलीनं ठणकावून सांगितलं. “मग आपण काय येड्यासारखं वागतोय?” ती दप्तर उचलून शेवटच्या बाकावर गेली. “सरक गं.”

घरी मॉनिटरच्या आईनं आकांडतांडव केलं. पोरीनं आईलाच धडा वाचून दाखवला.

शनिवारी त्या एकट्या मुलीची आई शाळेत आली. लेक खिडकीजवळच्या जागेसाठी बाकावरच्या दोघी मैत्रिणींशी कडाकडा भांडत होती. आई दारातूनच डोळे पुसत माघारी गेली. नाव काढायचं राहिलं ते राहिलंच.

“साध्या पिना नीट मारता येत नाहीत?” मुख्याध्यापक कडाडले. “त्या बाईचा पुन्हा फोन आला तर?”

“आला तर मला द्या, सर.”

संध्याकाळी बाईंनी घरी सगळं सांगितलं. धाकटी बहीण पोट धरधरून हसली. मग फोन पुढं ओढून म्हणाली, “बोल ताई, आता कुठल्या शाळेला कुलूप ठोकू?”